शब्दांवाचून भलरी

भूगावमागच्या रानात उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजला, की त्या धुराच्या वासानं मला धरणापलीकडची ती वाडी आठवते. मी तेव्हा एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. हळदीच्या कार्यक्रमांत नाचाची गाणी गाऊन आमच्या गायिकेनं नाव कमावलं होतं, पण त्या गाण्यांना ती विटली होती. लहानपणी भातलावणीत ऐकलेल्या भलऱ्या घेऊन नव्यानं उभं राहायचं, असं तिनं ठरवलं होतं. त्या आता फक्त तिच्या मावशीलाच येत होत्या, म्हणून आम्ही रेकॉर्डिंग करायला तिच्या वाडीवर गेलो. मावशीला लकवा मारल्याचं कानावर आलं होतं, पण वाचाही गेली आहे, हे दारात पोचल्यावर कळलं. ‘मावशे, ही म्हण की,’ म्हणत गायिकेनं तिला आठवत होती ती पहिली ओळ गायली. मावशीचा चेहरा एकदम उजळला. डाव्या हातानं तिनं मांडीवर ठेका धरला आणि तिच्या घशातून चाल निघाली, अगदी सुरात, पण शब्दच नाहीत. ‘पुढं काय हाय गं?’ गायिका पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मावशीला सगळं आठवत होतं, ओठ हलत होते, नुसतं बाहेर येत नव्हतं. शेवटी ती रडायला लागली. ‘नगं इचारू आता, लई तरास होतोय तिला,’ सून म्हणाली. मी माइक बंद केला. दुसरं काय करणार? पावसाळ्याआधीच मावशी गेली. पुढं गायिकेनं ती भलरी स्टेजवर गायली, एक ओळ आणि मग नुसती चाल. अजूनही मावळातली कुणी म्हातारी भेटली, की मी तिला ते रेकॉर्डिंग ऐकवतो. ‘चाल वळखीची हाय,’ ती म्हणते, ‘पर शब्द न्हाई येत बाबा.’