शंभरातली दहा

सुशीलाबाई परभणीहून वाघोलीत आल्या आणि शाळेत मावशी म्हणून लागल्या. शाळा सुटली की पोरांना हाताला धरून नगर रोडच्या पलीकडे न्यायचं, हे त्यांचं काम. अठरा वर्षं केलं. तोवर मुलगा आनंद कॉम्प्युटरच्या कंपनीत साहेब झाला.

त्याची सात वर्षांची लेक सृष्टी एकदा वर्गात चक्कर येऊन पडली. तपासणीत मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा गुंता सापडला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर शंभरातल्या दहा मुलांना मोठी इजा होते, एखादं दगावतंही. नाही केलं, तर दर वर्षी शंभरातल्या तिघांचा गुंता फुटून मेंदूत रक्तस्राव होतो.

घरी येऊन आनंदने लॅपटॉप उघडला. "दहापेक्षा तीन बरे. राहू दे ऑपरेशन."

"दर वर्षी म्हणाले ना रे ते?" सुशीलाबाई म्हणाल्या. "रस्ता एकदाच ओलांडायचा असता, तर शाळेनं मला कशाला ठेवलं असतं? पोरं रोज ओलांडतात म्हणून ठेवलं. हिला माझ्याएवढं म्हातारं व्हायचंय. किती वर्षं होतात, मांड की तुझ्या त्या डब्यात."

आनंदने मांडलं आणि लॅपटॉप मिटला.

"आणि आपली सृष्टी त्या दहांत निघाली तर, आई?" सून नम्रताने विचारलं.

"तर साऱ्या नातलगांना सांगायचं, सासूनं हट्ट केला. सासू असते कशाला?"

ऑपरेशनच्या फॉर्मवर आईबापाच्या सह्या पुरत होत्या. तरी सुशीलाबाईंनी पेन मागून घेतलं आणि खाली आपलीही सही केली.