काकूंच्या फोनचं कुलूप

फोन उघडायच्या आधी काकू डाव्या तळव्याचा आडोसा करायच्या आणि समोरच्याला म्हणायच्या, "जरा तिकडे बघा." समोर आमच्या वकीलबाई असोत की चहा घेऊन आलेला माणूस, त्याला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावंच लागायचं. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर चार वर्षं बसले. त्या चार वर्षांतले सगळे सणवार मला पाठ आहेत. कुलूप लावून तीन-तीनदा ओढून बघणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, काकू त्यांतल्याच.

कर्वेनगरात एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचं केंद्र आहे. घरी मार खाणाऱ्या बायका तिथे मदतीसाठी येतात. काकू टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे आल्या होत्या. तरुणपणी त्या ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. कुणी म्हणालं की फोनवर बोललेलं कोणाला कळतंय, की त्या कोरडेपणाने सांगायच्या, "आम्ही सगळं ऐकायचो हो. बटाट्याचे भावही आणि मोडलेल्या सोयरिकीही." अशा बाईचा कुठल्याही फोनवर विश्वास बसणं कठीणच.

म्हणून येणाऱ्या प्रत्येकीच्या फोनवर त्या स्वतः मेसेजचं ॲप घालून द्यायच्या आणि मजकूर चोवीस तासांत आपोआप पुसला जाईल अशी सोय करायच्या. एन्क्रिप्शन हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. त्या म्हणायच्या, "हा सीलबंद डबा आहे. वाटेत कोणालाच उघडता येत नाही, कंपनीलासुद्धा नाही. पण घरी पोचल्यावर तुम्हीच झाकण काढून ठेवलंत, तर माशा बसणारच." आम्ही त्यांच्या माघारी हसायचो. माझ्या पोह्यांत मीठ कमी होतं हा त्यांचा मेसेजसुद्धा दुसऱ्या दिवशी नाहीसा झाला होता.

झाकण काढून ठेवलं ते मी.

एक बाई लहान मुलीला घेऊन नवऱ्यापासून पळून आली होती. तिच्याशी माझे मेसेज चालायचे, आणि टाइप करायला सोपं जावं म्हणून मी ते ॲप ऑफिसच्या कॉम्प्युटरलाही जोडून ठेवलं होतं. एका दुपारी तिचा नवरा समेटाची भाषा करत केंद्रात आला. अगदी नमस्कार वगैरे. मी त्याला माझ्या टेबलापाशी बसवलं आणि पाणी आणायला आत गेले. स्क्रीनवर तिच्या मावशीचा हडपसरचा पत्ता होता. त्याच संध्याकाळी त्याने तिथे जाऊन बायकोचा हात मोडला. मुलगी पलंगाखाली लपली म्हणून वाचली.

तो येरवड्याच्या तुरुंगात गेला. काकूंनी मायलेकींना कुठेतरी दूर हलवलं, नवा नंबर घेऊन दिला आणि तो पत्ता, तो नंबर केंद्रात कोणालाही सांगितला नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "रागावू नकोस गं. तुला ठाऊकच नसेल, तर तुझ्याकडून कोणी काढून घेणार नाही." मला राग आला नाही, लाज वाटली.

या उन्हाळ्यात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. त्याच आठवड्यात वकीलबाईंकडून कळलं, तो जामिनावर सुटला आहे. आम्ही पोलीस चौकीत धावलो. तिथे त्यांनी रीतसर तिचा पत्ता मागितला.

काकूंचा फोन घेऊन मी दवाखान्यात गेले. बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने तो उघडत नसे. माणूस झोपलेला असताना उघडतं ते कुलूप कसलं, असं त्यांचं म्हणणं. मी फोन त्यांच्या डाव्या हाताशी धरला आणि कानाशी सांगितलं, "काकू, तो सुटलाय." त्यांच्या डोळ्यांत मी तोवर कधी भीती पाहिली नव्हती. ती मी घातली. त्यांचं बोट स्क्रीनवर चाचपडत फिरलं. आकडा चुकला, पुन्हा चुकला, आणि शेवटी फोननेच आता थांबा म्हणून सांगितलं. काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. चौथ्या दिवशी त्या गेल्या.

त्यांच्या भाच्याने फोन माझ्या स्वाधीन केला. टेबलावर ठेवलेला तो फोन मधूनच उजळायचा, 'एक नवीन मेसेज'. नाव नाही, मजकूर नाही, काकूंनी सगळं झाकून ठेवलेलं. मेसेज तिचाच आहे का, ती मदत मागते आहे, नुसती खुशाली कळवते आहे, की तिचा फोन आता त्याच्या हातात आहे, काही कळायला मार्ग नव्हता.

काकूंच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, त्या ॲपवर कॉल आला. नावाच्या जागी काहीच नव्हतं. कॉल घ्यायला कुलूप आड येत नाही. मी तो घेतला, पण पलीकडे तोच असला तर, या भीतीने आधी नुसतं ऐकत राहिले. मग एक बारीक आवाज आला.

"काकू?"

"बाळा, आईला फोन दे. लवकर दे," मी म्हणाले.

फोन बंद झाला. काकूंनीच शिकवलं असणार, पलीकडे त्यांचा आवाज नसेल तर पुढे एक अक्षर न बोलता ठेवून द्यायचा. पोरीने त्यांचं नीट ऐकलं.

त्यानंतर त्या फोनवर काहीही आलेलं नाही. मी तो रोज चार्ज करते. 'तो सुटलाय' हे दोन शब्द मी त्या पोरीला सगळ्यात आधी सांगायला हवे होते. तेवढ्यापुरताच वेळ मला मिळाला होता.