आंबोळीचं पीठ आणि गारठलेलं घर

नवा बॉयलर बसवला तो आईसाठी. ब्रिस्टलमधल्या आमच्या घरातला जुना बॉयलर दर थंडीत मान टाकायचा, आणि यंदा आई पहिल्यांदाच हिवाळ्यात आली होती. बाबा गेल्यापासून रत्नागिरीच्या घरात ती एकटी. निदान उन्हाळ्यापर्यंत तरी तिला सोडायचं नाही, असं मी आणि बायकोनं ठरवलं होतं. आणि बॉयलर बसून आठवडा होतो न होतो तोच आई म्हणाली, "माझं तिकीट अलीकडचं करून घे. मला जाऊ दे."

कारण विचारायची गरजच नव्हती. सुरुवातीला छान तापणारे भिंतींवरचे रेडिएटर दोन दिवसांपासून थंडगार होते. नळाला कढत पाणी येत होतं, म्हणजे बॉयलर जिवंत होता. फक्त घर गरम करायला राजी नव्हता. आई दोन स्वेटर आणि माझे मोजे घालून, हात काखेत धरून सोफ्यावर बसायची. विचारलं की म्हणायची, "बरं आहे रे." त्या 'बरं आहे'नं माझं डोकं जास्त फिरायचं.

मी सॉफ्टवेअरवाला. बंद करून पुन्हा चालू करणे हा आमचा एकमेव रामबाण उपाय. तो करून झाला. मग मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं, तर तिथं प्रत्येक जण बॉयलरतज्ज्ञ निघाला. कॉव्हेंट्रीच्या मित्रानं छातीठोकपणे सांगितलं, "अरे, एअर अडकलीय. ब्लीड कर, पाच मिनिटांचं काम." मी किल्ली आणून रेडिएटरचा स्क्रू पिळला. हवा निघालीच नाही, काळंकुट्ट पाणी मात्र सणसणीत उडालं, थेट नव्या कार्पेटवर. बायकोनं फडकं आणून माझ्या पुढ्यात आदळलं, यावरून ती किती चिडली होती ते समजावं. त्यानंतर मी घरातल्या रेडिएटरांची प्रत्येक चावी आधी डावीकडे आणि मग उजवीकडे फिरवून पाहिली. रेडिएटर होते तसेच.

शेवटी बॉयलर बसवणाऱ्याला फोन लावला. हा गृहस्थ पहिल्या दिवशी आईला "ऑल राइट, माय लव्हर?" म्हणाला होता. इथं दुकानदारही असंच बोलतात, हे आईला पटवताना माझ्या नाकी नऊ आले होते. आता त्यानं एवढंच विचारलं, "थर्मोस्टॅटवर आकडा काय दिसतोय?"

थर्मोस्टॅट म्हणजे एक बिनतारी पांढरी डबी. आजूबाजूला किती ऊब आहे ते ती बघते आणि पुरेशी झाली की बॉयलरला थांबायला सांगते. त्यानं ती हॉलमधल्या शेल्फवर ठेवली होती. मी फोन कानाला लावून हॉलमध्ये गेलो, तर डबी गायब.

"आई, इथली डबी कुठाय?"

"ती आकडेवाली? माझ्याकडे आहे."

ती मला वर घेऊन गेली आणि तिनं एअरिंग कपबर्ड, म्हणजे कपडे उबेत ठेवायचं कपाट, उघडलं. पूर्वी तिथं गरम पाण्याची टाकी होती आणि टाकीला खेटून आई आंबोळीचं पीठ ठेवायची. नव्या बॉयलरला टाकी लागत नाही, म्हणून मी ती काढून टाकली होती आणि व्हॅक्यूम क्लीनरला जागा झाली म्हणून खूशही झालो होतो. आता तिथं माझ्या जुन्या रजईचं मोठं गाठोडं होतं. आईनं ते हळूच उघडलं. आत पिठाचं पातेलं, त्याला टेकून गरम पाण्याची पिशवी आणि शेजारी डबी. आकडा एकोणतीस.

"ऊब पुरतेय की नाही ते कळतं बघ यावर," आई म्हणाली. "आकडा उतरला की मी पिशवीतलं पाणी बदलते."

म्हणजे एक पातेलं मजेत होतं, आणि तेवढ्यावर समाधान मानून बॉयलर झोपी गेला होता! फोनवर बॉयलरवाला बिचारा "हॅलो, हॅलो" करत होता. "फाउंड इट, थँक्स," म्हणून मी फोन ठेवला आणि पोट धरून हसत सुटलो. बायको पळत वर आली. तीही हसायला लागली.

आई हसत नव्हती.

"अहो आई, ही पिशवी तुमच्या गुडघ्यांसाठी आणली होती ना?" बायकोनं विचारलं.

"गुडघे काय, दुखायचेच. पण टाकी गेल्यापासून दोनदा पीठ फुगून आलं नाही. दोन्ही वेळा ओतून दिलं. तुमची पोरगी रोज तिच्या तोडक्या मराठीत विचारते, 'आजी, पीठ वर आला?' तुम्ही दोघं दिवसभर लॅपटॉपवर. भांडी यंत्र घासतं, कपडे यंत्र धुतं. माझ्या हातचं या घरात तेवढं एकच लागत होतं. तेही जमेना, तर इथं बसून मी करू काय?"

माझं हसू जागच्या जागी विरलं. थंडी तिला इथून घालवतेय असं समजून मी चाव्या पिळत बसलो होतो.

डबी परत शेल्फवर गेली. थोड्या वेळात पाइप कुरकुरले आणि घर तापायला लागलं. आईनं एकेका रेडिएटरला हात लावून पाहिला आणि पातेल्यासाठी नेमका माझ्या टेबलाखालचा पसंत केला. संध्याकाळची मीटिंग मी पाय फाकवून केली.

सकाळी पिठानं झाकण वर उचललं होतं. पहिली आंबोळी नातीच्या ताटात पडली. आई तव्याकडेच बघत म्हणाली, "तिकिटाचं राहू दे आत्ता. उडीद डाळ थोडी उरलीय. ती संपली की बघू."

दुपारी मी इंडियन दुकानात गेलो आणि उडीद डाळीची होती ती सगळ्यात मोठी पिशवी उचलून आणली.