दाजींच्या सुटाची आंघोळ

मी एका बेटावर लोकांना समुद्राच्या तळाशी नेऊन प्रवाळ दाखवते. घर मात्र पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात. आमच्या बेटाच्या प्रवाळांना दोन वर्षांपूर्वी रोग लागला. रंगीत प्रवाळावर आधी पांढरा पट्टा उमटायचा, मग तो सरकत जायचा आणि मागे नुसता सांगाडा उरायचा. दुसऱ्या समुद्रातून आलेल्या ओल्या सामानातून असा रोग पसरू शकतो, म्हणून आमच्या डायव्हिंग सेंटरने नियम केला. बाहेर वापरलेलं सामान ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवायचं, गोड्या पाण्याने धुवायचं, खडखडीत वाळवायचं. मगच आमच्या पाण्यात उतरायचं.

हा नियम मोडायला पहिले निघाले ते आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. रोह्याला कंपनीत असतात. शिफ्टमधल्या मित्रांना घेऊन ते एका दुसऱ्या समुद्रात बुड्या मारून आले होते, तिथेही हाच रोग होता. आता आठवड्याभरात आमच्या बेटावर येणार होते. मी सुट्टीवर घरी आलेय म्हटल्यावर रोह्याहून गाडी पकडून आले, खांद्यावर पाणबुडीच्या सुटाची, बुटांची भलीमोठी बॅग. बॅग पडवीत ठेवली आणि त्या वासाने घरातलं मांजरसुद्धा उठून बाहेर गेलं.

मी विचारलं, "दाजी, सूट धुतलाय का?"

"अगो, समुद्रातून आणलाय. त्याला परत पाणी कशाला?"

मी समजावलं, "करपा लागलेल्या शेतातून चिखलाचे पाय घेऊन तुम्ही आपल्या भातात शिराल का?"

"प्रवाळ काय भात हाय? आणि ब्लीचिंगनं सुटाचा रंग गेला तर? महागाचा हाय तो." एवढं बोलून ते झोपाळ्यावर बसले आणि शार्क आपल्याला बघून कसा वळून गेला, ते आईला तिसऱ्यांदा सांगू लागले.

आई भाजी निवडत ऐकत होती. शार्क वळतो न वळतो तोच ती हळूच म्हणाली, "गो, त्या बॅगेत कायतरी हाललं."

काही हललं नव्हतं. आईचा डोळा माझ्याकडे होता आणि ओठाचा कोपरा वर गेला होता. मी लगेच पुढे झाले. "दाजी, पाय वर घ्या. पावसानंतर नाग फार निघतात."

शार्कला वळवणारा माणूस एका उडीत झोपाळ्यावर उभा! कडी करकरली. "धू! सगळं धुवून टाक! रंग जाऊंदे!"

दाजींचा विचार बदलायच्या आत मी अंगणात पिंप भरलं, ब्लीचिंग कालवलं आणि सूट बुडवला. मग पाण्यातले बूट उचलून उलटे केले, तर एकातून खरोखरच एक वाळका खेकडा टपकन पडला, थेट आईच्या पायाशी.

"आई गं!" म्हणत आईही झोपाळ्यावर. खाडीकाठी जन्म गेलेली बाई, टोपलीभर जिवंत खेकडे, मोठाल्या चिंबोऱ्या हाताने बांधणारी! सासू आणि जावई एकमेकांचे खांदे धरून डुलत होते आणि मी हसून हसून पिंपाला टेकले होते.

त्या खेकड्याने दाजींना जे पटवलं, ते मला पटवता आलं नव्हतं. त्यांनी रोह्याला फोन लावला. "सगळ्यांनी सामान घेऊन या. बुटात काय काय असतं, म्हायतीय?" दुसऱ्या दिवशी त्यांचे पाच मित्र बॅगा घेऊन हजर. संध्याकाळपर्यंत आमच्या वलणीवर सहा काळे सूट हातपाय लोंबवत वाऱ्यावर हलत होते. जिते गावाहून आलेली मावशी फाटकातूनच ओरडली, "अगो, ही कोण माणसं टांगलीत?" चहा पाजेपर्यंत ती आत यायला तयार नव्हती.

बेटावर आल्यावर मी दाजींना सगळ्यात आधी आजारी प्रवाळांपाशी नेलं. एक बैलगाडीच्या चाकाएवढा, शेजारी एक टोपलीएवढा. दोघांवर पांढरा पट्टा. आम्ही पट्ट्याच्या कडेने औषधाचा लेप भरत होतो. दाजी बाजूला तरंगत बघत राहिले, कशालाही हात लावला नाही. वर आल्यावर तोंडातली नळी काढून त्यांनी विचारलं, "वाचतील?"

"सांगता येत नाय."

शार्कची गोष्ट त्या दिवशी कोणालाच ऐकायला मिळाली नाही.

मोठा प्रवाळ गेला. धाकट्यावरचा पट्टा मात्र लेपापाशी थांबला, अजून तरी थांबलेला आहे. दाजी शिफ्ट सुटली की मला फोन करतात. "आमचा धाकटा कसा हाय?" मागून बहिणीचा आवाज येतो, "मला ताप आला तेव्हा एकदा तरी विचारलं होतंत का?"

"तू बोलतेस तरी, त्याला कुठं बोलता येतंय?" दाजी तिला सांगतात, आणि फोन घाईघाईने बंद होतो.