भाचीवरचा हक्क

जिल्हाधिकारी कार्यालयासमोर लिंबाखाली टेबल मांडून मी कैक वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण नववीपर्यंतचे; तथापि माझा मजकूर वाचून साहेब लोकांनी मला खुर्ची पुढे केलेली आहे. असे असूनही एक अर्ज मला पूर्ण करता आला नाही, कारण तो माझ्या थोरल्या बहिणीस लिहावयाचा होता.

आमच्यात भावाच्या मुलीवर पहिला हक्क बहिणीचा. माझ्या कन्येच्या बारशाला अक्काने बाळाच्या कानात नाव सांगितले आणि तिथेच जाहीर केले, "ही माझी सून." कन्या आता रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीस आहे. ती मला म्हणाली, "पप्पा, आत्याच्या मुलाशी लग्न नको. घराण्यात लपलेला दोष दोन्हीकडून आला, तर लेकराला भोगावा लागतो."

"सविनय कळविण्यात येते की" येथपर्यंत माझे चार कागद वाया गेले. तोवर अक्काच कन्नड गावच्या एसटीने हजर झाली, पिशवीत हिरवी साडी घेऊन.

कन्येने नकार कारणासह तिच्या तोंडावरच सांगितला. अक्का माझ्याकडे वळली, "आपल्या आईबापाचं असंच झालं होतं ना? आपण काय येडे निघालो?"

पत्नी माझ्याकडे पाहून हसली. ते मला रुचले नाही.

कन्येने अक्काला चहा दिला. "आत्या, घरच्या कालवडीला घरचाच वळू लावता का?"

"नाय. बाहेरचा बघावा लागतो. वासरं मरतुकडी निघतेत." बोलून गेल्यावर अक्काने डोळे वटारले. "म्हंजी माझा लेक वळू व्हय गं?"

सगळे हसले, अक्का नाही. "पोरगी आली असती तर या घरची वाट चालू राहिली असती. आता माझं माहेर तुटंल."

उत्तर देण्यास उभा राहिलो तो मी कागदांपाशीच गेलो. मग कोरा कागद ओढला. "अक्का, बाहेरची सून बघायला पोराचा बायोडाटा आजच लिहितो. सांग."

ती सांगत गेली. रक्तगटाचा रकाना कन्येने घालायला लावला.

"मामाचं नाव कुठंय?" अक्काने विचारले.

"ते शेवटी येते. तशी पद्धत आहे."

"वर घे. बापाच्या वर. अन् लग्नात पोराच्या मागं तूच उभा राहायचं."

हिरवी साडी तिने कन्येच्या ओटीत घातली आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला. त्यात मामाचे नाव पहिल्या ओळीत आहे. असा मसुदा मी पूर्वी कधी केलेला नाही. कोणी हरकत घेतलीच, तर उत्तर देण्यास मी समर्थ आहे.