साडीवरचं तोंड

शाळा दुसरीपर्यंतच, पण सुरतेत चाळीस वर्षं कापड रंगवलंय मी. हाताला खाज सुटली म्हणून चामडीच्या डॉक्टरकडे बसलो होतो. शेजारी पन्नाशीचा एक माणूस मांडीवर बोटांनी नसलेल्या निऱ्या घालत होता. साडीच्या दुकानात सेल्समन होता.

"तुला काय झालंय?"

"सुरकुत्या, काका. इंजेक्शनानं भरायच्यात. साडी खांद्यावर घेऊन दाखवतो ना, बाई आधी माझं तोंड बघते. शेठ म्हणतो, आता तरुण माणूस ठेवतो."

इतक्या साड्या रंगवल्या, पण त्यांच्यावर कुणाचं तोंड दिसतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

त्यानं हळूच सांगितलं, अंगाला सोसतं का म्हणून डॉक्टरनं महिन्यापूर्वी तेच औषध थोडंसं त्याच्या हातावर टोचून बघितलं होतं. तिथं लाल गाठ आली होती. ती लपवायला तो भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट घालून आला होता.

"दिसली तर डॉक्टर नाही म्हणेल," तो पुटपुटला.

मी भडकलो. "अरे, आम्ही रंगसुद्धा आधी चिंधीवर बघतो. चिंधी बिघडली तर ताग्याला हात लावत नाही. तुझं तोंड ताग्यापेक्षा स्वस्त आहे काय?"

तेवढ्यात त्याला आत बोलावलं. तो उठला, बाहीचं बटण काढलं, आणि साडीची घडी घालावी तशी नीट दाबत बाही कोपरापर्यंत दुमडून आत गेला.