'गप्प' शोधायचा कसा?

दवाखान्याच्या चौकशी-खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे चौकशीबाईच म्हणत. खिडकी बंद झाली तरी त्यांच्या चौकशा काही बंद होत नसत. घरी आल्या की त्या लघुपटांवर ब्लॉग लिहीत. म्हणून भाच्याने पहिला लघुपट केला, तेव्हा तो हक्काने मावशीकडे आला. अर्धांगवायूने वाचा गेलेले वडील आणि त्यांचा मुलगा, एवढीच गोष्ट. नाव 'गप्प'.

"मावशी, छान लिही. आणि शोधल्यावर सापडेल असं लिही."

बाईंनी तिथल्या तिथे मोबाइलवर 'गप्प' टाकून पाहिलं. आल्या त्या गप्पा! मैत्रिणींच्या गप्पा, राजकारणाच्या गप्पा, वर चार फुटकळ विनोद.

"अरे, तुझा गप्प गप्पांखाली गाडला गेला की!"

भाच्याचा चेहरा पडला. "नाव बदलू?"

"नाव राहू दे. माझ्या लेखाचा मथळा बघू. ज्याला हे नावच ठाऊक नाही, तो काय शोधेल?"

"मौनाचा आर्त प्रवास?"

बाईंनी हसू दाबलं. "असं कोण टाइप करतं रे?"

पण तो प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून बसला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दवाखान्यातल्या मंडळींना लघुपट दाखवला आणि एकेकाला विचारलं, नाव ठाऊक नसतं तर काय शोधलं असतं? कंपाउंडर म्हणाला, "बाप-लेकाची फिल्म." नर्स डोळे पुसत म्हणाली, "रडवणारा लघुपट." एक्स-रे काढणारे काका मात्र डबा न उघडता बसून होते.

"मी फिल्म शोधलीच नसती," ते म्हणाले. "आमच्या अण्णांची वाचा गेली, तेव्हा मी शोधलं होतं: वडील बोलू शकत नाहीत, त्यांच्याशी कसं बोलायचं?"

"मग? काय मिळालं?"

"औषधांच्या जाहिराती."

बाईंना मथळा मिळाला. काकांचे शब्द त्यांनी जसेच्या तसे वर घातले. खाली लघुपटाची गोष्ट सांगितली. त्यातच दवाखान्यातल्या वाचातज्ज्ञ बाईंना विचारून चार कामाच्या गोष्टी घातल्या: प्रश्न छोटा विचारावा, खाणाखुणा कराव्यात, उत्तराला वेळ द्यावा.

भाचा कुरकुरला, "हे आरोग्याचं सदर झालं. माझी फिल्म कुठाय?"

"पहिल्याच परिच्छेदात. आधी लोकांना आत तर येऊ दे!"

काही दिवस सगळी सामसूम. मग एका अनोळखी मुलीचा प्रतिसाद आला. 'बाबांशी कसं बोलायचं ते शोधत इथे आले. दोघांनी मिळून फिल्म पाहिली. बाबा मध्येच खदखदून हसले. आजारानंतर पहिल्यांदाच.'

भाचा चक्रावला. "हसले? हसण्यासारखं काय आहे त्यात?"

बाईंना कुठला धीर! त्यांनी लगेच विचारलं, 'नेमकं कुठे हसले?'

उत्तर आलं, 'मुलगा वडिलांशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलतो ना, तिथे. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मीही तशीच ओरडते.'

भाच्याच्या लेखी तो सगळ्यांत करुण प्रसंग होता. त्याने तो पुन्हा लावला. मावशी स्क्रीनला नाक लावून पाहू लागली.

"थांबव, थांबव! वडिलांची भुवई बघ."

मुलगा ओरडत होता, आणि वडिलांची एक भुवई सावकाश वर चढत होती.

"वडिलांचं काम करणाऱ्या नटांना हे मी सांगितलंच नव्हतं," भाचा पुटपुटला. "मावशी, त्यांनी हे आणखी कुठे केलंय, बघूया का?"